संतरामची खात्री

“जीभ काहून वढतो तिची? ती बोलणार हाये का तुज्यासंगं?”

 संतरामचा डावा हात गाईच्या जबड्यात होता. उजव्या हातानं तिची खरखरीत जीभ एका बाजूला ओढून त्यानं ती उन्हाकडं धरली होती. जिभेवर फोड नव्हता. हिरड्यांवरही नव्हता. त्यानं जीभ सोडली, हात धोतराला पुसला, वाकून गाईचा पुढचा पाय उचलला आणि खुराच्या बेचक्यात अंगठा दाबला. गाईनं पाय झटकला नाही.

“खुरकत न्हाई,” तो म्हणाला.

“मला ठाऊक हाये न्हाई म्हणून.” गोजरबाई गव्हाणीच्या कडेला बसून कडबा तोडत होती. पासष्टीची बाई, कपाळ मोकळं, हात मात्र गड्यासारखे.

“पुढल्या पायाला न्हाई, एवढंच म्हणलं म्या. मागले पाहू द्या, आक्का.”

“पाहा की बापा. बारा गाई हायेत, अठ्ठेचाळीस पाय. शेपट्या बी मोजून घे. गावाला एखादी कमी पडाया नको.”

संतरामनं खरोखर शेपटी उचलून पाहिली.

*

म्हणे, गाईंना रोग आहे. नाहीतर आयतं कोण देतं?

*

चार दिवसांपूर्वी गोजरबाई चावडीवर आली होती. बायका चावडीवर येत नसत, म्हणून पाटील उठून उभे राहिले आणि मग उभं राहिल्याचंच त्यांना अवघड वाटलं. ती म्हणाली, माझा गोठा, बारा गाई आणि माळावरचं कुरण मी गावाच्या नावानं करून देते. पाच पंचांनी कागदावर अंगठे द्यावेत. मला दुसरं काही नको.

तिला मूलबाळ नव्हतं. वारस म्हणजे नवऱ्याचा पुतण्या संपतराव. तो हिंगोलीत राहत होता आणि त्याचा निरोप येऊन पडला होता: येत्या बाजाराला माणसं घेऊन येतो, गाई हाकून नेतो, काकूला आता झेपत नाही. म्हणजे त्या बाजाराच्या आत अंगठे पडले तर गोठा गावाचा, नाही पडले तर बारा गाई बारा दावणींना.

हा गोठा काही साधा नव्हता. गोजरबाईच्या आजेसासऱ्यानं मोठ्या दुष्काळात कंधाराकडून चार तांबड्या गाई आणल्या, त्यांची ही वीण. आणि त्यानंच घालून दिलेला रिवाज असा की ज्या बाळंतिणीला दूध येत नाही, तिच्या घरून गोठ्यावर वाटी यावी. वाटी रिकामी आणायची नाही, मूठभर सरकी घालून आणायची. ती सरकी गाईच्या पुढं टाकायची आणि दुधानं भरलेली वाटी घरी न्यायची. पैसा नाही, उपकार नाही. जात विचारायची नाही. फक्त वाटी यायला पाहिजे. गोठ्यातून आपण होऊन दूध कोणाच्या दारी जायचं नाही, कारण मग तो उपकार झाला. गावातली निम्मी माणसं अशा वाटीवर वाढलेली होती. व्यंकटराव पाटील वाढले होते. पंचांतला मसाजी वाढला होता. संतरामचा मुलगाही वाढला होता.

पण मागच्या साली नाक्यावर निजामाची चौकी बसली, आणि गोजरबाईनं गावाला सांगितलं की गाई आटल्या. सालभर आटलेल्याच होत्या. आता पोलीस ॲक्शन होऊन दोन महिने झाले होते, चौकी पळून गेली होती, आणि गावात जो तो दुसऱ्याकडं बघून मनातल्या मनात एकच गोष्ट विचारत होता: तू तेव्हा काय करत होतास?

“आयतं दिऊन राहिली,” मसाजी चावडीवर म्हणाला होता, “तर काहून दिऊन राहिली? आधी ते कळू द्या. त्या सालभरात दूध चौकीला जायचं असं लोक म्हणतेत. तसं असंल तर आपल्याला तो गोठा नको. त्याच्यावर गावाचं नाव नको.”

“खात्री करू,” पाटील म्हणाले. “कोणाला धाडावं?”

तेव्हा दारात उभी असलेली गोजरबाई म्हणाली, “संतरामला धाडा.”

आणि संतरामच्या मनात सगळ्यात पहिल्यांदा आलं ते हे: हिला मीच काहून पाहिजे?

*

संतराम हटकर. वय साठीच्या आसपास. नक्की किती हे सांगणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास नव्हता.

विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन आधी वास घ्यायचा. दुकानातून मीठ घेतलं की खडा जिभेवर ठेवायचा. मुलासाठी मुलगी पाहायला गेला तेव्हा आधी मुलीच्या बापाच्या घराला मागच्या बाजूनं चक्कर मारून आला होता, आणि मग पुढच्या दारानं पाहुणा म्हणून गेला.

गावात कुणाला बैल, शेळी, मेंढरू घ्यायचं असलं की लोक त्याला सोबत नेत. त्यानं जनावराला नाव ठेवलं नाही असं कधी झालं नव्हतं. ज्याला कमी नावं ठेवली ते लोक घेत. चाळीस वर्षांत त्याचा अंदाज दोनदा चुकला होता. दोन्ही वेळा, तो सांगे, कुणीतरी त्याला फसवलं होतं.

*

म्हणे, पुतण्याशी भांडण झालं म्हणून.

म्हणे, मेलेला नवरा स्वप्नात येतो, गाई दे म्हणतो.

म्हणे, दूध चौकीला जात होतं.

*

ही शेवटची गोष्ट खरी निघावी, असं संतरामला वाटत होतं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच. चौकी बसली तेव्हा तो मेंढरं घेऊन पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघून गेला होता, मुलाला सोबत घेऊन. घरी सून बनाबाई आणि दोन शेळ्या ठेवल्या होत्या. शेळ्या पहिल्याच महिन्यात चौकीवाल्यांनी सोडून नेल्या. पौषात बनाबाई बाळंत झाली आणि तिला तापानं धरलं. दूध आलं, आणि चौथ्या दिवशी गेलं.

त्याच दिवसांत संतराम दोन दिवसांसाठी नदी ओलांडून घरी आला होता. नातू पाहिला. आणि सून हातात वाटी घेऊन, वाटीत सरकी घेऊन, डोक्यावर पदर ओढून दारातून निघालेली पाहिली.

“कुठी?”

“गोठ्यावर, मामंजी.”

“गाई आटल्यात म्हणतेत ना?”

“म्हणतेत. पर जाऊन पाहते.”

“आटल्या न्हाईत,” संतराम म्हणाला. “त्या गोठ्याचं दूध चौकीला जातंय. माझा अंदाज हाये. आन आपली वाटी तिथं दिसली तर उद्या आपण बी त्यातलेच ठरू. ठिव ती वाटी.”

बनाबाईनं वाटी ठेवली. सासरा घरी आलेला होता, त्यानं सांगितलं होतं, नवरा नदीपलीकडं होता. तिनं लेकराला पेजेचं पाणी पाजलं. संतराम परत गेला. पंधरा दिवसांनी लेकरू गेलं, आणि ही खबर वऱ्हाडात त्याच्यापर्यंत पोचायला आणखी आठ दिवस लागले.

तेव्हापासून त्याच्या मनानं एक हिशेब धरून ठेवला होता. गोजरबाई दोषी निघाली तर आपण बरोबर. मग ते जे झालं ते आपल्या हातून झालं नाही, तिच्या हातून झालं.

म्हणून तो रोज सकाळी गोठ्यावर येत होता. आणि म्हणून गोजरबाईनं दिलेलं ताक त्यानं दोन दिवसांत एकदाही घेतलं नव्हतं.

*

बारापैकी तीन गाई नुकत्याच व्यायलेल्या होत्या. त्यांची वासरं खुंट्याला होती, धडधाकट. उरलेल्या नऊ भाकड.

“सालभर भाकडच का, आक्का?”

“चारा न्हाई, पेंड न्हाई. कशानं येतंय दूध?”

संतराम एका भाकड गाईपाशी उकिडवा बसला. तिच्या पाठीवर आधी थाप मारली, मग हात पोटाखाली नेला आणि कास चाचपली. दोन-दोन वर्षं न व्यायलेल्या गाईची कास वातड होते, जुन्या चामड्यासारखी. ही मऊ होती. सड लांबलेले होते. त्यानं दुसरीची पाहिली. तिसरीची पाहिली. गोजरबाई कडबा तोडत राहिली, तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी गाई पाण्यावरून आल्या तेव्हाही तो तिथंच होता. भिंतीला टेकून बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून. दावणीला बांधताना त्यातली एक गाय वळली, डोंगराकडं तोंड करून उभी राहिली आणि हंबरली. मग दुसरी, त्याच बाजूला. गव्हाणीत कडबा होता, घंगाळात पाणी होतं. त्या दोघींना काय हवं होतं ते गव्हाणीत नव्हतं.

गाय लेकराला ज्या वाटेनं नेलं त्या वाटेकडं बघून हंबरते. मेंढी तसं करत नाही. मेंढी दोन दिवसांत विसरते. पण मेंढरांचा माणूस असला तरी संतरामला गाईचं हे माहीत होतं.

“डोंगराकडं काय हाये, आक्का?”

“डोंगर,” गोजरबाई म्हणाली.

*

डोंगराच्या बाजूला, माळावर तांड्याच्या अलीकडं कुरण होतं, आणि कुरणाच्या कडेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून केलेला वाडा. थावरा कुंपणावर बसला होता. तो तांड्यातला, बारा वर्षं गोजरबाईच्या गाई वळणारा.

“माय म्हणली व्हती, संतराम येईल म्हणून,” तो म्हणाला. “तीन दिस लावले की रं बा तू. मला वाटलं एकच लागंल.”

“आत काय हाये?”

“मेंढराचा माणूस तू. तुला काय करायचंय?”

“उतर.”

थावरा उतरला. हसत उतरला, पण कुंपणाची फाटकी झाप बाजूला करताना त्याचं हसू गेलं.

आत सात वासरं होती. तांबडी, गोजरबाईच्याच वाणाची. पोटं सुटलेली, फासळ्या दिसणाऱ्या, अंगावरचे केस उभे आणि निस्तेज. लांबून पाहणारा म्हणाला असता, पाच महिन्यांची आहेत. संतरामनं एकाला मानेशी धरलं आणि ओठ वर केला. दुधाच्या दातांची धार झिजलेली होती. शिंगाच्या कोंबावर बोट ठेवलं. अंग उपासानं थांबतं, शिंग थांबत नाही. हे पोर दहा महिन्यांचं होतं. दुसरं तेवढंच. तिसरं जरा मोठं.

दहा महिने. मागचा पौष.

म्हणजे पौषात गाई व्यायल्या होत्या. दूध आलेलं होतं. ते वासरांनी प्यालेलं नव्हतं, कारण वासरं अशी होती. ते गावानं प्यालेलं नव्हतं. मग सात गाईंचं दूध गेलं कुठं?

संतरामला आनंद झाला. त्याला तो चक्क झाला, छातीत, गरम पाण्यासारखा. त्यानं वासराचा ओठ सोडला आणि काही वेळ तो तिथंच उकिडवा बसून राहिला. आपला अंदाज चुकला नव्हता.

“कोन नेऊन द्यायचं चौकीला?” त्यानं विचारलं. “तू?”

“मायला इचार,” थावरा म्हणाला. “म्या कायबी सांगत न्हाई. मला तांड्यात लेकरं हायेत.”

*

“वासरं पाहिली, आक्का.”

गोजरबाई धार काढत होती. चरवीतला आवाज थांबला नाही.

“व्हय. आज पाहशील असं वाटलंच.”

“चौकीला जायचं दूध.”

“जायचं. सकाळचं बी, सांजचं बी. थावराच्या डोक्यावर गवताचा भारा, भाऱ्यात घागर.”

त्याला वाटलं होतं, ती नाकारेल. निदान रडेल. मग त्याला पुढं बोलायला बरं पडलं असतं.

“काहून?”

“पहिल्याच दिवशी दोन गाई सोडून नेल्या त्यांनी. चौदा व्हत्या माझ्या. त्या दोन काही परत आल्या न्हाईत.” तिनं गाईच्या मांडीवर हात फिरवला. “दुसऱ्या दिवशी म्या सोता गेले घागर घिऊन. त्यांच्या जमादाराला म्हणलं, गाई न्याल तर बारा दिस खासाल. राहू द्याल तर रोज दूध पोचवते. त्याला बराबर वाटलं ते. शाना माणूस व्हता.”

“आन गावाला सांगितलं, आटल्या.”

“मंग काय सांगू? चौकीला घालते, तुमाला न्हाई, असं?”

“लेकरं मेली आक्का, गावात.”

आवाज थांबला. तिनं चरवी बाजूला ठेवली, वासराला सोडलं, आणि ते ढुशा देत गाईला लागलं.

“वाटी आली तिला घातलं म्या,” ती म्हणाली. “पाच घरच्या वाट्या यायच्या. मागल्या दारानं, दुपारच्याला, चौकीवाले झोपले की. चौकीचं माप भरून पायजे, त्यात टिपूस कमी चालायचा न्हाई. म्हणून वासराच्या तोंडचं काढलं. वासरू लावायचं, पान्हा सुटला की वढून घ्यायचं. ती सात पोरं अशी काहून दिसतेत, तुला कळलं न्हाई? तुला तर दात पाहून कळतंय.”

संतराम उभाच होता.

“कोनाच्या पाच?”

“ते सांगत न्हाई. त्यांना म्या सांगितलं व्हतं तोंड उघडू नका, आता म्याच कसं उघडू? ज्यांची लेकरं जगली ते आज चावडीवर सगळ्यात मोठ्यानं बोलून राहिले, एवढं सांगते.” ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. “तुज्या घरची वाटी आली न्हाई.”

गाय शेपटीनं माश्या हाकत होती.

“म्या वाट पाहिली व्हती,” गोजरबाई म्हणाली. “बनाबाईला दूध न्हाई हे कानावर आलतं. थावराला म्हणलं सुद्धा, रिवाज मोडू, एक वाटी नेऊन दे त्या घरी. मंग इचार केला. संतराम घरी आलाय म्हणतेत. संशयी माणूस. आपण होऊन दूध धाडलं, तर म्हणंल यात काय कालवलंय, आन वतून दिईल. आन चार लोकांत बोलंल. मंग त्या पाच वाट्या बी गेल्या असत्या.” तिनं त्याच्याकडं पाहिलं, पहिल्यांदा सरळ. “म्हणून न्हाई धाडलं. माझं चुकलं का बराबर ते मला कळलं न्हाई अजून.”

संतराम म्हणाला, “मलाच काहून बोलावलं तुमी?”

“तू बरं म्हणला तर गाव मानंल. दुसऱ्या कोनाचं मानायचं न्हाई.” आणि मग, चरवी उचलत: “म्या खोटं बोल म्हणत न्हाई, संतराम. खरंच सांग. फक्त आधी अंगठे पडू दे. गाई एकदा गावाच्या झाल्या की मग सांग, हिनं चौकी पोसली. मला काढा गावाबाहेर. गाई राहतील ना.”

*

गोठ्यावरून चावडीवर जायला दोनशे पावलं.

पंचहो, म्या सगळं तपासलं. गाई निरोग्या हायेत, पर

पंचहो, दूध चौकीला जायचं. म्या पौषातच म्हणलं व्हतं. माझ्या सुनेला म्या

पंचहो, पाच घरच्या वाट्या

मारुतीच्या पारापाशी तो थांबला. मीठ विकत घेताना माणूस खडा जिभेवर ठेवतो. बोलताना काय ठेवतो?

*

चावडीत पंच बसलेले. कागद खाटेवर, दगडाखाली. गोजरबाई दाराबाहेर पायरीवर. पाणी भरून परतणाऱ्या चार-दोन बाया घागरी कमरेवर घेऊन रेंगाळलेल्या, त्यात मसाजीची बायको चतुराबाई.

“बोल संतराम,” व्यंकटराव पाटील म्हणाले. “उद्या संपतराव यिऊन राहिला. गाई कशा हायेत?”

“निरोग्या. एकीचा एक सड बारीक हाये. एक लाथाडी हाये.”

“बस?”

“बस.”

कुणीतरी हसलं. “संतरामनं दोनच नावं ठेवली! देवळापुढच्या नंदीला यानं बाक हाये म्हणलं व्हतं.”

“मान वाकडीच हाये त्याची,” संतराम म्हणाला, आणि मग सगळेच हसले.

मसाजी हसला नाही. “ते राहू द्या. दूध कुठी जायचं ते बोल. त्याच्यासाठी धाडलं व्हतं तुला.”

हसणं थांबलं. पायरीवर गोजरबाई हालली नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. समोर रस्त्यावर एक कोंबडी उकरत होती तिकडं पाहत राहिली.

“आटल्या व्हत्या,” संतराम म्हणाला.

“काय?”

“गाई. सालभर आटल्या व्हत्या. कास पाहिली म्या. दूध नव्हतंच.”

“तू म्हणून राहिला हे? तू?”

“म्या म्हणून राहिलो.”

मसाजी खाटेवर पुढं सरकला. त्याचे डोळे बारीक झाले. “किती देलं तिनं तुला?”

“तीन दिस ताक दिऊन राहिली व्हती. पेलो न्हाई.”

“मंग चल, मला दाखव. म्या बी कास पाहतो. कुरणावर बी जाऊन यिऊ, तिथं काय हाये ते सुद्धा...”

“अवो!” बाहेरून चतुराबाईचा आवाज आला, कडक, घागर कमरेवरच. “काय पाहता आता? बैलं सकाळपासून तशीच उभी हायेत, पाणी न्हाई, वैरण न्हाई. संतरामभाऊजीनं पाहिलं ना? सगळ्या गावाला ज्याचं पटतं ते तुमाला काहून पटत न्हाई? अंगठा द्या न् चला घरी.”

बायकोनं चार लोकांत असं बोललेलं मसाजीनं आजपर्यंत ऐकलं नव्हतं. तो तिच्याकडं पाहत राहिला. चतुराबाईनं पदर ओढून घेतला आणि मान दुसरीकडं वळवली. वळवताना क्षणभर तिची नजर संतरामवरून गेली. त्यात विनवणी होती का धमकी, हे संतरामला सांगता आलं नसतं. मसाजीच्या नातवाला दहावा महिना होता. गुटगुटीत पोर, पारावर रांगायचं.

मसाजीनं बायकोकडं पाहिलं. मग संतरामकडं. मग परत बायकोकडं. त्याला काय कळलं आणि किती कळलं ते त्याच्या तोंडावर दिसलं नाही. त्यानं शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

पाटलांनी दिला. बाकीच्या तिघांनी दिला. कागद फुंकून वाळवला गेला. गोठा गावाचा झाला.

आता गोजरबाईनं मान वर केली. ती थांबली होती. अंगठे पडले होते. आता त्यानं खरं सांगायचं होतं, असं ठरलं होतं. निदान तिच्या बाजूनं ठरलं होतं. संतरामनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि पायरी उतरून तिच्या अंगावरून पुढं गेला. आपल्या पाठीवर तिची नजर आहे हे त्याला कळत होतं. ती उपकाराची नजर नव्हती. एखाद्यानं जास्तच चांगला भाव दिला की आपण पाहतो, तशी होती.

तिचा संशय बरोबर होता. हे त्याला घराच्या वाटेवर कळलं, अर्ध्यात, जोंधळ्याच्या खळ्यापाशी. दूध नव्हतंच, असं गाव आता म्हणेल. दूध नव्हतंच, म्हणजे वाटी नेऊन उपयोग नव्हताच. म्हणजे सुनेच्या हातातली वाटी खाली ठेवायला लावणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. चार पंच आणि एक पाटील यांनी त्यावर अंगठे दिले होते.

हे त्यानं कोणासाठी केलं? गाईंसाठी केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्याचा विश्वास बसला नाही.

*

बनाबाई भाकरी थापत होती. त्याचं पाणी, त्याचा पाट, त्याचं ताट मांडलेलं होतं.

“अंगठे पडले?”

“पडले.”

“बरं झालं.” तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. “काय सांगितलं तुमी, मामंजी?”

“आटल्या व्हत्या म्हणून.”

भाकरी उलटली. चुलीतलं लाकूड तिनं आत सारलं. मुलगा मेंढरांमागं होता, घरात दुसरं कुणी नव्हतं.

“मला वाटलं तुमी खरं सांगसाल,” ती म्हणाली.

संतराम ताटाकडं पाहत होता.

“म्या लाकडाला जाते त्या माळावर. ती वासरं म्या बी पाहिली.” तिचा आवाज चढला नाही. “आन त्याच्या बी आधी पाहिली व्हती. पौषात, गोठ्यामागं. लेकरू व्हतं तव्हाच. नवी कोवळी, नाळ बी न वाळलेली. म्हणून तर वाटी घिऊन निघाले व्हते.”

भाकरी फुगली. तिनं ती विस्तवाशी उभी केली, फिरवली, काढली आणि त्याच्या ताटात ठेवली. बाजूला चटणी, त्यावर तेलाची धार. मग हात धुऊन ती भिंतीशी बसली, पदर सावरून, रोज बसते तशी.

त्यानं भाकरीला हात लावला नाही. बाहेर कुत्रं भुंकून थांबलं. तवा थंड होताना चुलीवर कुरकुरत होता.

“जेवा मामंजी,” बनाबाई म्हणाली. “तुमी जेवल्याबिगर मला जेवता येत न्हाई.”

संतरामनं भाकरी मोडली. ती भिंतीशी बसून राहिली, आणि तो जेवला.